स्टेपनी

मानखुर्दच्या पुलाखाली, मुकादम टायरवाल्यांच्या दुकानात
आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर,
आणि गाडी जॅकवर,
नाल ठोकायला पाय दिलेल्या घोडीसारखी.

यासीनभाई टायरची कड फडक्याने पुसतात,
चष्मा कपाळावर ढकलून वाचतात:
तीन शिखरांचा डोंगर, पोटात एक हिमकण.
"ताई, हे तर बर्फाचे टायर.
कुणी घातले?"

कुणी म्हणजे, ह्यांनी.
माझगावच्या गोदीतून निवृत्त झाले
तेव्हा फंडाच्या पैशांतून एसयूव्ही बुक केली,
आणि गाडी यायच्या आधीच टायर आले,
चंदिगडहून, ट्रान्सपोर्टने, गोणपाटात शिवलेले.
पाचही. स्टेपनीसकट.
स्पितीला जायचं होतं. मार्चमध्ये,
रस्त्यावर बर्फ असतानाच.
नकाशावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती.
मग उजवा हात थरथरायला लागला.
आधी पेन्सिल सुटली,
दिवाळीपर्यंत स्टीअरिंग.

म्हणून मी शिकले, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
गोवंडीच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये,
क्लच सोडताना देवाचं नाव घेत.
आणि चार वर्षं हे बर्फाचे टायर
फिरले ते चेंबूर ते परळ,
न्यूरोलॉजीच्या ओपीडीला,
येताना शिवडीला नणंदेकडे चहाला.

यासीनभाई रबरात नख रुतवतात.
"मऊ आहे. थंडीत दगड होऊ नये म्हणून असंच बनवतात.
पारा सातच्या खाली गेला की ह्याचं राज्य.
इथे मे महिन्यात डांबरच पातळ होतं,
त्यावर हा घासतो
खोडरबरासारखा."

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"उन्हाळी घ्या. नाव उन्हाळी,
पण पाण्यातही धरून राहतो."
"आणि ऑल-सीझन?"
हे ह्यांनी विचारलं. दोन शब्दांत किती वेळ गेला
ते मी मोजलं नाही, यासीनभाईंनीही नाही.
"काका, तो जावयासारखा.
सगळीकडे चालतो, पण ऐन वेळी
म्हणतो, हे माझं काम नाही."
हे हसले. चेहरा आता पूर्वीसारखा हसत नाही,
तरी मला कळलं.

पोऱ्या स्क्रू ड्रायव्हरने खाचा उकरत होता.
मेट्रोच्या कामाची खडी निघाली,
खाडीचा वाळका चिखल,
कुणाच्या तरी शाळेचा बिल्ला, पिन मोडलेला.

"जुने भंगारात देऊ? तेवढंच बिलातून कमी."
ह्यांचा हात मांडीवर होता, त्याच्याच नादात.
"चार द्या," मी म्हटलं. "डिकीतला राहू दे."
"जोडीचा नाही तो, ताई.
पंक्चर झालं तर घरापुरता. आणि चाळीसच्या वर नाही."
"चाळीसच्या वर आम्ही कधी जातो?"

नव्या टायरला केस असतात,
रबराचे, बारीक, वासराच्या कानावर असतात तसे.
हे वाकले.
चिमटीत एक केस धरायला बघू लागले.
निसटला. पुन्हा निसटला.
पोऱ्या मदतीला आला, त्याला मी डोळ्यांनी थांबवलं.
पुलावरून एक कंटेनर गेला, सगळं दुकान हादरलं,
आणि त्या हादऱ्यात
ह्यांचा हात पहिल्यांदाच वेगळा दिसला नाही.

केस तुटला.
तो त्यांनी मला दिला, पावती द्यावी तसा.
मी पाकिटात ठेवला, पार्किंगच्या सुट्ट्या पैशांत,
आणि हवेचा दाब विचारायला उठले.